अनुभवाचा रकाना

पाणीपुरवठा कार्यालयाच्या मीटर विभागात माझी एकतीस वर्षं नोकरी झाली आहे. या एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही अपुरा अर्ज पुढे सरकलेला नाही. अशा माणसाला, तो स्वतःच्या घरात आरामखुर्चीत बसलेला असताना, हातातला फोन विचारतो, 'आपला अनुभव किती?' आणि उत्तरासाठी खाली चार गोल काढून देतो. अजिबात नाही. थोडासा. बऱ्यापैकी. तज्ज्ञ.

मी 'तज्ज्ञ'वर बोट ठेवलं. पुढचं सगळं त्या बोटाने केलं.

फोनला मला हे विचारायची वेळ का आली, तर पैशांमुळे. आणि पैसे माझे नव्हते, बायकोचे होते. ती लहान मुलांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं नर्स होती. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून दोन वर्षं आधीच निवृत्ती घेतली, आणि फंडाची रक्कम एकदम हातात आली. बँकेतून आल्यावर तिने पासबुक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, की याचं काय करायचं ते तुम्हीच बघा, तुमचं असल्या बाबतीत डोकं चालतं. तिचा हा समज कशावरून झाला होता, तर घरातलं वीस वर्षांचं प्रत्येक बिल मी फायलीत लावून ठेवलं आहे यावरून. बिलं जपणं वेगळं आणि पैसे वाढवणं वेगळं, हे मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण बायको आपल्याला हुशार समजते आहे असे प्रसंग संसारात फार येत नाहीत. मी गंभीर चेहरा करून पासबुक उचललं.

गुंतवणूक हल्ली ॲपवर करतात एवढं माहीत होतं. कुठल्या ॲपवर, ते विचारायला गेलो आणि तिथे फसलो. आपल्याकडे पैसे आहेत असं चारचौघांत म्हटलं तर लोक मागतात, पण ते कुठे ठेवू असं विचारलं तर लोक शिकवतात, आणि दुसरा त्रास जास्त टिकतो.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं, की फोनमध्ये ठेवलेले पैसे म्हणजे फोन चोरीला गेला की पैसेही गेले. मी म्हणालो, तसं नसतं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेपुढे अठ्ठावीस वर्षं मुलं बाकावर उभी राहिली असणार. मी गुपचूप निघून आलो.

रविवारी मेहुणा आला. त्याच्या फोनवर गुंतवणुकीची चार ॲप आहेत. त्यातलं एक त्याला फार आवडतं, कारण काही विकत घेतलं की त्यात घंटा वाजते आणि पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे पडतात. या महिन्यात आपल्याकडे चाळीस वेळा तुकडे पडले, असं त्याने अभिमानाने सांगितलं. मी विचारलं, फायदा किती झाला. तो म्हणाला, "भाऊजी, ते दुसऱ्या पानावर असतं." ते पान मात्र त्याने उघडलं नाही.

खरा सल्ला मला मिळाला तो दातांच्या डॉक्टरांकडून. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि समोरच्याच इमारतीत त्यांचा दवाखाना आहे. त्या आठवड्यात माझी दाढ ठणकत होती. खुर्ची मागे कलवलेली, तोंडात कापूस, वर दिवा, अशा अवस्थेत मी असताना डॉक्टर म्हणाले, की त्यांनी गेल्या वर्षी एका कंपनीत पैसे घातले आणि सात महिन्यांत त्याचे दुप्पट झाले. आता बॅटऱ्या बनवणारी एक नवी कंपनी आहे, ती दोन महिन्यांतच दुप्पट करील. त्यासाठी ते वापरतात तेच ॲप घ्यायला हवं, कारण बाकीची पोरखेळ आहेत. मला दोन-तीन शंका होत्या. पण 'आ' वासलेल्या तोंडाने शंका विचारता येत नाही. मी घशातून जो आवाज काढला त्याला डॉक्टरांनी होकार मानलं, आणि खुर्ची सरळ होईपर्यंत मलाही तो होकारच होता असं वाटू लागलं.

तर ते ॲप. उघडल्याबरोबर काळा पडदा आणि त्यावर हिरव्या-तांबड्या उभ्या रेघा. डॉक्टर म्हणाले होते की यांना मेणबत्त्या म्हणतात, त्या वाचता आल्या की माणसाला बाजार कळला. मी चष्मा पुसून पाहिलं. वात कुठे दिसली नाही. तेवढ्यात तो अनुभवाचा रकाना आला आणि मी तज्ज्ञ झालो. पुढचा प्रश्न होता, बाजार वीस टक्क्यांनी पडला तर आपण काय कराल. सगळं विकीन, थोडं विकीन, थांबेन, आणखी घेईन. मी 'आणखी घेईन' निवडलं, कारण ते उत्तर सगळ्यांत शूर वाटलं. प्रत्यक्षात टोमॅटो अर्ध्या भावात मिळायला लागले तर मी ते सडके असणार म्हणून पुढच्या गाड्यावर जातो. पण ॲपला हे कोण सांगणार?

मग ॲपला माझा फोटो हवा होता. चेहरा गोलात धरा, डोळे मिचकावा. मी धरला, मिचकावले. ॲपने लिहिलं, 'जिवंत व्यक्ती आढळली नाही.' खिडकीपाशी जाऊन पुन्हा केलं. आढळली नाही. टेबललॅम्प लावला, चष्मा काढला, केस विंचरले, पुन्हा तेच. नवव्यांदा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, की तुम्ही मघापासून कुणाला डोळा मारताय. मी दचकून वळलो आणि नेमका तेव्हा फोटो निघाला. ॲपला तो पसंत पडला. त्यांच्या दप्तरी मी तोंड उघडून, घाबरून, डावीकडे बघणारा तज्ज्ञ म्हणून आहे.

शेवटी पत्त्याचा पुरावा हवा होता. विजेचं, गॅसचं किंवा पाण्याचं बिल. वीज आणि गॅस दोन्ही बायकोच्या नावावर. म्हटलं, पाण्याचं देऊ. त्यात तर आपलं आयुष्य गेलं. फाईल उघडून मी ताजं बिल काढलं आणि त्यावरचं नाव वाचलं. नाव माझं नव्हतं. ज्यांच्याकडून आम्ही अकरा वर्षांपूर्वी हे घर घेतलं, त्या आजोबांचं होतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीटरचा नावबदल करायचा राहिला होता एवढंच. रोज पन्नास लोकांचे नावबदल पुढे-मागे करणाऱ्या माणसाला घरी आल्यावर पुन्हा तोच अर्ज भरावासा वाटत नाही. हलवायाला घरी गोड लागत नसेल, तसंच. म्हटलं, हरकत नाही. उद्या ऑफिसात गेल्यावर चहाच्या आधी होऊन जाईल.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला सगळं काम मी शिकवलं. सकाळी मी माझा अर्ज हळूच तिच्या टेबलावर सरकवला. तिने तो वाचला, उलटून पाहिला आणि माझ्याकडे परत सरकवला. म्हणाली, की कर्मचाऱ्याचा स्वतःचा अर्ज खिडकीतून यायला हवा, असं परिपत्रक आहे. मी म्हणालो, मला माहीत आहे, ते मीच टाइप केलं होतं. ती म्हणाली, "हो सर, तुम्हीच दाखवलं होतंत." पुढे अगदी नम्रपणे तिने आठवण करून दिली, की सोबत पुरवणी पत्रक 'ब' जोडावं लागेल.

आता पत्रक 'ब'बद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना माझी मान थोडी खाली जाते. नऊ वर्षांपूर्वी एका घराच्या मीटरवर जुना मालक आणि नवा मालक दोघांनीही हक्क सांगितला होता. ते भांडण चार महिने चाललं. तेव्हा मी एक पत्रक तयार केलं. त्यात जुन्या मालकाने लिहून द्यायचं, की सदर मीटर माझा होता, आता नाही, आणि पुढेही असणार नाही. तीन ठिकाणी सह्या. साहेबांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली होती. पुढे लोक त्याच्या झेरॉक्स आणायला लागले, तर मी खिडकीच्या काचेवर सूचना चिकटवली: 'फक्त मूळ छापील पत्रक स्वीकारले जाईल.' अक्षर माझंच.

आणि मूळ छापील पत्रकं त्या महिन्यात संपली होती.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन रांगेत उभा राहिलो. निदान पत्रकं कधी येणार ते तरी रीतसर विचारावं म्हणून. एकतीस वर्षांत त्या खिडकीच्या त्या बाजूला मी कधी गेलो नव्हतो. आतून ती खिडकी चांगली मोठी दिसते. बाहेरून तिच्यातून फक्त आतल्या माणसाचे हात आणि चहाचा कप दिसतो.

माझ्या पुढे एक बाई होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी शिवणकामाची टेप. बाजाराच्या गल्लीत त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे आणि त्या दुकानाच्या मीटरच्या नावबदलासाठी त्या येतात, हे मला ठाऊक होतं, कारण त्यांना मी चार वेळा परत पाठवलं होतं. एकदा सही हिरव्या शाईची होती म्हणून. एकदा झेरॉक्स होती म्हणून. एकदा नावातलं एक अक्षर कमी होतं म्हणून. चौथ्यांदा कागद पाहिलेच नाहीत, कारण माझी जेवायची वेळ झाली होती.

त्या वळल्या आणि मला पाहून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही इकडच्या बाजूला?"

मी काहीतरी पुटपुटलो. मग खरं ते सांगितलं, की पत्रक 'ब' मिळत नाहीये. त्यांनी पिशवीत हात घातला आणि पाच कोरी पत्रकं काढली. त्यातलं एक मला दिलं. म्हणाल्या, "मी दर वेळी पाच घेऊन ठेवते. तुम्ही परत पाठवणार हे धरूनच चालते."

त्यात टोमणा नव्हता. पाऊस येईल म्हणून छत्री ठेवते, असं सांगावं तसं त्या बोलल्या. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

रांग हलत नव्हती. बाईंनी फोन काढून कानात एक तार घातली आणि पडद्यावर काही वाचू लागल्या. डोकावणं सभ्य नाही, पण रांगेत सभ्यता लवकर संपते. पडद्यावर साधी पांढरी पाटी होती आणि वर लिहिलं होतं, 'धडा एकोणिसावा: महागाई आणि आपली बचत'. मी विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, गुंतवणुकीचं ॲप आहे. दोन वर्षं झाली, दर महिन्याला थोडे पैसे टाकते. धडे सगळे इथेच झाले. या रांगेत वेळ चांगला मिळतो.

मी, म्हणजे आमच्या ॲपचा तज्ज्ञ, घसा साफ करून विचारलं, की तुम्ही अनुभवाच्या रकान्यात काय लिहिलं होतं.

"अजिबात नाही असं लिहिलं," त्या म्हणाल्या. "मग त्याने पहिल्यापासून सगळं शिकवलं. सगळं येतं म्हणून लिहिलं असतं, तर शिकवलं असतं का?"

मी खिडकीतल्या चहाच्या कपाकडे बघत राहिलो.

तुम्हाला वाटेल, मी तिथेच शहाणा झालो. नाही. माणसाचा मान दुखावला की तो आधी हट्टाला पेटतो. बॅटरीच्या कंपनीत पैसे घालायचे आणि दोन महिन्यांत दुप्पट करून दाखवायचे हे माझं पक्कं होतं. मेहुण्यापाशी त्या कंपनीची बढाई मारून झाली होती, पण बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. 'चांगल्या ठिकाणी लावतोय' एवढंच म्हणालो होतो, आणि रक्कम सगळीच्या सगळी लावणार होतो.

पत्रकावर सही हवी होती जुन्या घरमालक आजोबांची. ते पूर्वी जहाजावर रेडिओ ऑपरेटर होते, आता दुसऱ्या गावी मुलीकडे राहतात. टपालाने पत्रक पाठवलं. आठ दिवसांनी परत आलं, सोबत दोन पानी पत्र. घरात नळाला पाणी नीट येतं का, बाल्कनीच्या दाराची कडी अजून अडकते का, अशी प्रेमळ चौकशी. सह्या तिन्ही केल्या होत्या, फक्त 'साक्षीदार' या रकान्यात. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने खिडकीतून ते माझ्या हातात परत दिलं आणि चूक कुठे आहे त्यावर पेन्सिलीने बारीक खूण करून दिली. खूण करायची पद्धत माझीच.

मी टेलरिंगच्या दुकानात जाऊन दुसरं पत्रक मागून आणलं. बाईंनी ते काहीही न विचारता दिलं. पुन्हा टपाल, पुन्हा आठ दिवस. या वेळी सह्या बरोबर जागी होत्या, तर साहेब रजेवर गेले.

इकडे डॉक्टर मला रोज जिन्यात गाठत होते. आज कंपनी बारा टक्के वर गेली. आज अठरा. ते आकडा सांगायचे आणि माझ्या खांद्यावर हलकेच थोपटायचे, जसं दात काढायच्या आधी थोपटतात. मी घरी येऊन फायलीच्या मागच्या कोऱ्या कागदावर हिशेब मांडायचो, की आज किती मिळाले असते आणि ते कुणामुळे मिळाले नाहीत. हे पत्रक ज्या गाढवाने काढलं त्याला मनातल्या मनात मी रोज सकाळी दाढी करताना चार शब्द सुनवायचो, आणि तो आरशातून निमूटपणे ऐकून घ्यायचा.

तेविसाव्या दिवशी नावबदल मंजूर झाला. मुलीने शिक्का मारून पत्र खिडकीतून माझ्या हातात दिलं, आणि मी खिडकीबाहेर उभा राहून तिचे आभार मानले. रांगेतल्या लोकांना वाटलं असेल, याचं डोकं फिरलंय. दुपारी घरी आलो. बायको फिजिओथेरपीला गेली होती. पत्राचा फोटो काढून ॲपला द्यायचा म्हणून मी ते टेबलावर सरळ करून ठेवलं, आणि मेहुण्याचा फोन आला.

तो म्हणाला, "भाऊजी, तुमच्या दातवाल्या डॉक्टरांची ती बॅटरीची कंपनी बघितलीत का?"

त्या कंपनीचे हिशेब खोटे निघाले होते. बॅटऱ्या ती बनवतच नव्हती. दुसऱ्यांच्या बॅटऱ्यांना नवी लेबलं लावत होती. दोन दिवसांत भाव पाचव्या हिश्शावर आला होता आणि आता तर विकायला गेलं तरी घेणारा नव्हता. मी फोन ठेवला. समोर शिक्का मारलेलं पत्र होतं. चार दिवस आधी ते माझ्या हातात पडलं असतं, तर मी पैसे घातले असते. सगळे. शंकाच नव्हती.

मी चप्पल घालून समोरच्या दवाखान्यात गेलो. बाहेर कुणी पेशंट नव्हता. आत डॉक्टर स्वतःच्याच खुर्चीत, पेशंटच्या खुर्चीत, मागे रेलून पडले होते आणि वरच्या न लावलेल्या दिव्याकडे बघत होते. मला पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल.

"तुम्ही घातले नाहीत ना?"

"कागद पूर्ण झाले नव्हते," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. "बरं झालं. तीन दिवस मी जिना उतरताना घाबरत होतो, तुम्ही भेटाल म्हणून." मग म्हणाले, की नवी गाडी घ्यायची होती, आता जुनीच चालवायची, त्यात काही बिघडत नाही. मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसलो. त्यांनी मला वाईट सल्ला दिला होता हे खरं, पण स्वतःचं नुकसान विसरून माझं नुकसान झालं नाही म्हणून डोळे मिटणारा शेजारी मला आहे, हेही त्या दिवशीच कळलं. त्या माणसाबद्दल मला राग येईना.

बायको आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तज्ज्ञपासून बॅटरीपर्यंत. ती गुडघ्याला पट्टा बांधत होती. तिने विचारलं, किती घालणार होतात. मी म्हणालो, सगळे.

तिने पट्ट्याचं टोक बांधायचं तसंच सोडलं. मग म्हणाली, "अहो, त्या पैशांत माझे गुडघे आहेत. मला विचारायचं तरी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, चुकलो. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आणि हा शब्द मी इतक्या सरळ कधी वापरला नव्हता. आमच्याकडे 'तसा माझा हेतू नव्हता' इथपर्यंतच गाडी येते. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, तापातल्या मुलाकडे बघावं तसं, आणि हात पुढे करून फोन मागितला. म्हणाली, त्या टेलरबाईंचं ते ॲप कोणतं, ते उघडा.

ते आम्ही दोघांनी मिळून उघडलं. पांढरी पाटी, मोठी अक्षरं, घंटा नाही, मेणबत्त्या नाहीत. अनुभवाचा रकाना आला. मी म्हणालो, 'थोडासा' लिहू या, म्हणजे अगदीच खोटं नाही आणि अगदीच... बायकोने माझं बोट धरून बाजूला ठेवलं आणि 'अजिबात नाही' निवडलं. बाजार पडला तर काय कराल, याला तिने लिहिलं, 'घाबरेन'. तसा पर्याय खरोखरच होता. मग ॲपने सांगितलं, की सगळे पैसे एकदम बाजारात घालू नका. वर्षभराचा खर्च निघेल एवढे बँकेत राहू द्या, आणि धडे होईपर्यंत दरमहा अगदी थोडे टाका. एखाद्या समजूतदार मोठ्या बहिणीसारखं ते बोलत होतं. मी तीन आठवडे ज्या सल्ल्यासाठी वणवण केली, तो एक खरं उत्तर दिल्याबरोबर फुकट मिळाला.

फोटोच्या वेळी बायको पहिल्या झटक्यात जिवंत आढळली.

आता रोज सकाळी चहाबरोबर आमचा धडा असतो. प्रत्येक धड्यानंतर पाच प्रश्न येतात. तिला पाचांपैकी पाच मिळतात. मला चार, कधी तीन. चक्रवाढीच्या धड्याला दोन मिळाले, पण त्या दिवशी प्रश्न जरा संदिग्ध होते. खातं तिच्या नावावर आहे आणि बटण तीच दाबते. मी शेजारी बसून वाचून दाखवतो. या व्यवस्थेत माझा मान कमी झाला असं मेहुण्याला वाटतं. मला इतकी गाढ झोप पूर्वी लागत नव्हती, एवढंच मी त्याला सांगितलं.

पण एक गोष्ट मनात सलत होती. ज्या बाईंच्या पत्रकांवर मी तरलो, त्यांचा स्वतःचा अर्ज तसाच पडून होता. मी त्यांची फाईल काढून पहिल्यांदा नीट वाचली. दुकानाचा जुना मालक गाव सोडून गेला होता आणि कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे 'ब'वरच्या तीन सह्या त्यांना जन्मात मिळणार नव्हत्या. त्यांनी हे अर्जात लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर, स्वच्छ अक्षरात. मी ते पान कधी उलटलंच नव्हतं, कारण पहिल्याच पानावर शाई हिरवी होती.

मी साहेबांना टिपण लिहिलं, की पत्रक 'ब' रद्द करावं. साहेबांनी विचारलं, नऊ वर्षांनी हे कसं सुचलं. सगळं सांगायचं तर बायकोचे गुडघे, दातांची खुर्ची आणि रेडिओ ऑपरेटर हे सगळं टिपणात घालावं लागलं असतं. मी लिहिलं, 'अनुभवांती असे आढळून आले आहे की सदर पत्रकाची आवश्यकता नाही.' शेजारच्या मुलीने ते टाइप करताना मान वर केली नाही, पण तिच्या गालावर हसू होतं. खरं सांगायचं तर त्याच पत्रकाने मला वाचवलं होतं. त्याचे मी मनोमन आभार मानले आणि मग साहेबांच्या सहीने ते रद्द केलं. आभार मानले म्हणजे दुसऱ्याच्या मानेवर बसवून ठेवायलाच हवं असं नाही.

बाईंचं मंजुरीचं पत्र त्याच आठवड्यात तयार झालं. टपालात टाकायचं ते मी स्वतः घेऊन निघालो. बसने दोन स्टॉप, मग बाजाराची गल्ली. वाटेत मी एक छोटंसं भाषण जुळवलं. तुमचे उपकार, रांगेतला तो दिवस, आमच्या घरातला सकाळचा धडा, असं सगळं. बाई मशीनवर होत्या. मी पत्र पुढे केलं. त्यांनी पायाने मशीन थांबवलं, चष्मा लावला आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. माझं भाषण तोंडाशी येऊन थांबलं. त्यांनी शिक्का पाहिला, सही पाहिली, पान उलटून मागची बाजू पाहिली.

मग म्हणाल्या, "साहेब, यावर तारीख नाही."

मी पाहिलं. खरंच नव्हती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी तारीख टाकायला विसरलो होतो. खिशातून पेन काढून मी म्हणालो, आत्ता टाकतो.

"हाताने नको," त्या म्हणाल्या. "तारखेचा शिक्का असतो ना तुमचा, तो हवा. नाहीतर उद्या तुमच्यासारखं कुणी मला परत पाठवील."

मी पेन खिशात ठेवलं, पत्राची घडी घातली आणि निघालो. बस लगेच मिळाली नाही, म्हणून चालतच गेलो. ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं होती. शेजारच्या मुलीने कुलूप लावलेला खण पुन्हा उघडला, शिक्का काढला, आजची तारीख फिरवून लावली. मी परत चालत बाजारात आलो तेव्हा बाई दुकानातला पंखा बंद करत होत्या. मला घाम आला होता आणि भाषणातलं एकही वाक्य आठवत नव्हतं.

त्यांनी तारीख वाचली. पत्र मशीनच्या खणात ठेवून खण लोटला. मग पंखा पुन्हा सुरू केला, कापडांचा गठ्ठा उचलून स्टूल मोकळं केलं आणि म्हणाल्या, "दमलात, साहेब. बसा जरा."

मी बसलो. त्यांनी विचारलं, तुमचा कितवा धडा चाललाय. मी म्हणालो, सातवा. त्या म्हणाल्या, आठवा जरा अवघड आहे, घाई करू नका.